किनाऱ्यापासून थोडें दूर

(शास्त्रभाग : लूककृत शुभवर्तमान, अध्याय ५, ओव्या १ ते ११)



ह्या आठवड्याचा शास्त्रभाग तुमच्यापैकीं पुष्कळांस तोंडपाठ असेल. गनेसरेत सरोवराच्या कांठीं लोकांची गर्दी झाली, प्रभु शिमोनाच्या होडींत जाऊन बसला, उपदेश संपल्यावर खोल पाण्यांत जाळीं टाकण्याची आज्ञा झाली, आणि रात्रभर रिकाम्या राहिलेल्या त्या जाळ्यांत इतके मासे आले कीं तीं फाटूं लागलीं. ह्या भागावर आम्हीं आजवर किती वेळां उपदेश केला असेल ह्याची गणती नाहीं. परंतु खरें सांगावयाचें तर गेल्या पौष महिन्यापर्यंत आम्ही मासे धरणाऱ्या होडींत एकदांही बसलों नव्हतों. आमचा जन्म देशावरचा, शिक्षण देशावरचें. टिटवाळ्यास येईपर्यंत आमचा पाण्याशीं संबंध विहीर आणि पोहरा एवढाच. ज्यानें कधीं तिफण धरली नाहीं त्यानें पेरणाऱ्याच्या दाखल्यावर तास तास बोलावें, तसाच हा प्रकार झाला.

टिटवाळा म्हटलें कीं लोकांस महागणपतीचें देऊळ आणि अंगारकीच्या दिवशींची गर्दी आठवते. समुद्र कोणास आठवत नाहीं. तरी गांवाच्या कडेनें जाणारी काळू नदी पुढें उल्हास नदीस मिळते, आणि उल्हास कल्याणावरून जाऊन वसईच्या खाडीनें समुद्रांत शिरते. कल्याण तर एके काळीं मोठें बंदर होतें. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं ग्रीक भाषेंत लिहिलेल्या एका समुद्रप्रवासाच्या वर्णनांत त्याचें नांव आलें आहे. म्हणजे जें पाणी आमच्या बायाबापड्या हंड्यांत भरून आणितात तेंच पुढें खारें होतें. हा विचार आमच्या मंडळींतील तरुणांच्या मनांत आला असेल असें नाहीं. त्यांनीं आपल्या मोबाईलवर एक जाहिरात पाहिली होती. मालवणाजवळ देवबाग येथें एक तांडेल आपल्या होडींतून लोकांस समुद्रावर नेतो, गळ, दोरी, आमिष सर्व आपलें देतो, कसें धरावें तें शिकवितो, आणि नवशिका असो कीं तरबेज, कोणासही परत पाठवीत नाहीं, असें तींत लिहिलें होतें. अशा सफरी हल्लीं मालवण, तारकर्ली, देवबाग ह्या बाजूस आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पुष्कळ होतात. अंदमान बेटांकडे तर परदेशांतून लोक मोठमोठे मासे गळास लावण्याकरितां येतात, लावतात, आणि पुष्कळदां तसेच पाण्यांत सोडून देतात. पोटासाठीं ज्यानें मासा धरिला त्यास हें चमत्कारिक वाटेल. आम्हांसही वाटलें.

ह्या सफरीची हकीकत सांगण्यापूर्वीं मंडळींतील एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून पुढील लिहिणें व्यर्थ आहे.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या एका पाड्यावरील घरसभेंत, सभा चालविणाऱ्या बंधूनें एका आजारी मुलाच्या आईबापांस सांगितलें कीं, विश्वास असेल तर औषध बंद करा. त्यांनीं केलें. मूल तापानें फणफणलें, आणि तिसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांनीं त्यास दवाखान्यांत नेलें म्हणूनच तें वांचलें. आम्ही व पंच फार घाबरलों. पुन्हा असें घडूं नये म्हणून घाईघाईनें एक नियम केला, कीं ज्यास शास्त्र स्वतः वाचतां येत नाहीं त्यानें घरसभा चालवूं नये. नियम ऐकावयास शहाणपणाचा वाटतो. त्याचें फळ असें झालें कीं तीन पाड्यांवरील सभा बंद पडल्या. त्यांपैकीं एक सभा एक वृद्ध कातकरी बंधु चालवीत असत. त्यांस बाप्तिस्मा घेऊन तीस वर्षें झालीं आहेत. अक्षर एक येत नाहीं. परंतु शुभवर्तमानांतील गोष्टी त्यांस अशा येतात कीं ऐकणाऱ्यास आपण त्या गांवीं गेल्यासारखें वाटावें. नियम झाल्यावर ते कांहीं बोलले नाहींत. उपासनेस येत, आणि दाराजवळ बसत. पूर्वीं ते पुढें बसत असत हें आम्हांस पुष्कळ दिवस ध्यानांत आलें नाहीं.

आणि आतां लाजेनें सांगतों, कीं ज्या बंधूनें औषध बंद करावयास सांगितलें होतें, त्यास वाचतां येत होतें. चांगलें येत होतें.

असो. तरुणांनीं वर्गणी केली आणि आम्हांसही ओढिलें. त्या वृद्ध बंधूंचा नातू मंडळींत आहे, तो म्हणाला, "आजोबांनीं समुद्र पाहिला नाहीं, त्यांसही नेऊं." अशा रीतीनें आठ जण झालों. त्यांत कल्याणास नोकरी करणारा एक पदवीधर तरुण होता. दोन घरसभांचा तोच पुढारी. मासे धरण्याचा त्यास फार नाद, स्वतःची चक्रीची काठी घेऊन तो तळ्यांवर बसलेला. एका विधवा बहिणीची दहा वर्षांची मुलगी होती. टिटवाळ्याहून लोकलनें दिव्यास, तेथून कोंकण रेल्वेनें कुडाळास आणि पुढें मोटारीनें देवबागेस. ज्या रेल्वेचा सर्व मार्ग १९९८ सालीं खुला झाला तिच्या बोगद्यांतून जातांना ती मुलगी प्रत्येक वेळीं कानांवर हात ठेवी, आणि आजोबा प्रत्येक वेळीं डोळे मिटीत.

देवबाग ही एक लांबट रेतीची पट्टी आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी. टोकाशीं दोन्हीं पाणी मिळतात. तेथें नदीचें मुख ओलांडून बाहेर जावें लागतें, आणि ओहोटीचें पाणी बाहेर धांवत असतां समोरून वारा आला कीं तेथें लाटा उभ्या राहतात. म्हणून तांडेलानें आम्हांस पहांटे बोलाविलें. पहांटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि पाणी निजलेलें असतें. दिवस वर आला, जमीन तापली, कीं समुद्रावरून खारा वारा सुटतो. देशावरील वाचकांकरितां आणखी एक गोष्ट सांगतों. समुद्राचें पाणी दिवसांतून दोन वेळां चढतें व दोन वेळां उतरतें, आणि ही वेळ रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरते. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास पाणी फार चढतें व फार उतरतें, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हालचाल थोडी, त्यास भांग म्हणतात. तांडेलाचा सर्व दिवस ह्यावर बांधलेला असतो. आपण घड्याळ पाहतों, तो चंद्र पाहतो.

तांडेल पन्नाशीचा, काळासांवळा, फार न बोलणारा मनुष्य. त्याचे वडील रापण ओढीत. रापण म्हणजे होडीनें समुद्रांत अर्धगोल सोडलेलें लांबच लांब जाळें. दोन्हीं टोकें धरून वाडींतील स्त्रीपुरुष तें किनाऱ्यावर ओढतात आणि मासळी सर्वांत वांटली जाते. मोठ्या यांत्रिक नौका आपल्या प्रचंड जाळ्यांनीं मासळीचे थवेच्या थवे वेढूं लागल्या, तेव्हां रापणींत येणारी मासळी कमी झाली. त्यावरून त्या किनाऱ्यावर तंटे झाले, आणि राज्य सरकारनें २०१६ सालीं अशा जाळ्यांवर निर्बंध घातले. "तरी पूर्वींचे दिवस आले नाहींत," असें तो म्हणाला. त्याकरितां तो हिंवाळ्यांत पाहुण्यांस होडींतून नेतो. मासा मिळो न मिळो, भाडें मिळतें. जून व जुलै ह्या महिन्यांत, मासे अंडीं घालतात व समुद्र खवळलेला असतो म्हणून यांत्रिक होड्यांस बंदी असते. तेव्हां तो जाळीं दुरुस्त करितो. हें ऐकून आमच्या मनांतील एक आढी गेली. आम्हांस वाटलें होतें कीं श्रीमंतांच्या करमणुकीसाठीं चाललेला हा धंदा आहे. करमणूक आहे खरी, परंतु तीवर एक चूल पेटते.

होडी सुटण्यापूर्वीं त्यानें प्रत्येकास तरंगण्याचें जाकीट घातलें, आम्हांसही. आणि चार गोष्टी सांगितल्या. बसून राहावें. गळ फेंकण्यापूर्वीं मागें कोण आहे तें पाहावें. शिंगाळा गळास आला तर त्यास हात लावूं नये, कारण त्याच्या पाठीवरचा एक व दोन्हीं बाजूंचे दोन असे तीन कांटे विषारी असतात. आपणास हांक मारावी. आणि ज्याच्या पोटांत ढवळेल त्यानें लाजूं नये, लागलेंच सांगावें. मग त्यानें प्रत्येकाकडे पाहिलें. कोणास काय येतें असें फारसें विचारलें नाहीं, हात पाहिले. मुलीस व आम्हांस साधी हातदोरी दिली : एक दोरी, शेवटीं शिशाचा गोळा, वर कोळंबीचा तुकडा लावलेला गळ. ज्या दोघांस थोडें ठाऊक होतें त्यांस काठ्या दिल्या. पदवीधर तरुणास होडीच्या नाळेवर, सर्वांच्या पुढें जागा दिली, कीं तेथून त्यास आपला बनावट मासा लांब फेंकतां यावा. वृद्ध बंधूंनीं काठी नाकारली व हातदोरी मागितली. त्यांचे हात पाहून तांडेल हंसला व त्यानें त्यांस मुलीच्या शेजारीं बसविलें.

आतां आम्हीं जें पाहिलें तें सांगतों. बाहेर समुद्रांत गेल्यावर तांडेलानें यंत्र मंद केलें आणि किनाऱ्याकडे पाहूं लागला. त्याच्यापाशीं जागा दाखविणारें लहानसें यंत्रही होतें. परंतु त्यानें आम्हांस बोटानें दाखविलें कीं अमुक माड त्या टेंकडीच्या खांद्याशीं आला, आणि इकडे तें टोंक त्या घराशीं जुळलें, म्हणजे खालीं खडक आहे. एक खूण पुरत नाहीं. एका खुणेनें मनुष्य सरळ रेषेंत कितीही दूर वाहवत जाईल. दोन खुणा जेथें जुळतात तेथेंच नांगर टाकावयाचा. हें ऐकतांना आम्हांस प्रभूनें सांगितलेल्या दोन मोठ्या आज्ञा आठवल्या, देवाविषयींची व शेजाऱ्याविषयींची, आणि आमच्या नियमांत दुसरी खूण कोठें होती असा प्रश्न मनांत आला. तो आम्हीं त्या वेळीं बाजूस सारला.

नांगर पडला. दोऱ्या सुटल्या. तांडेल एकाकडून दुसऱ्याकडे जात होता. कोणाची गुंतलेली दोरी सोडवी, कोणास नवें आमिष लावून देई. तीन तासांत त्यानें स्वतः एकदांही गळ टाकला नाहीं. हें आमच्या ध्यानांत उशीरां आलें, आणि आल्यावर आमची नजर त्यावरून हलेना. त्या होडींत मासे धरण्यांत त्याच्याइतका निपुण कोणी नव्हता. त्याच्या हातीं दोरी असती तर डबा भरला असता. परंतु तो रिकाम्या हातांनीं आला होता, आणि त्याची नजर सतत सर्वांत नवख्या मनुष्यावर होती.

दुसरें नवल ह्याहून मोठें. मुलगी दोरीस क्षणोक्षणीं झटके देत होती. शेजारीं बसलेले वृद्ध बंधु कांहीं वेळ पाहत राहिले, मग त्यांनीं तिचें बोट धरून त्यावर दोरी ठेविली. म्हणाले, "पोरी, दोरीकडे पाहूं नको. बोटावर ठेव. पहिल्यानें तो हुंगतो, मग चाखतो, मग तोंडांत घेतो. तोंडांत घेईपर्यंत ओढूं नको." हा मनुष्य जन्मांत प्रथमच समुद्रावर आला होता. परंतु काळूच्या डोहांत मरळ आणि वाम धरण्यांत त्याचें आयुष्य गेलें होतें, आणि मासा गोड्या पाण्यांतला असो कीं खाऱ्या, भूक तीच. थोड्या वेळानें मुलीच्या गळास तांबोशी आली, लालसर, डोळे मोठे. वीतभरही नव्हती. तांडेलानें ती हातावर धरून पाहिली व म्हणाला, लहान आहे, सोडूं. महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं ५४ जातींच्या मासळीकरितां किमान लांबी ठरविली, तिच्याहून लहान मासा धरूं नये असा नियम आहे. परंतु त्याच्या बोलण्यावरून तो नियमापूर्वींही सोडीत असावा. मुलीस रडूं आलें. तेव्हां त्यानें मासा तिच्याच हातीं दिला, आणि तिनें तो पाण्यांत सोडला.

ह्यापुढील भाग आमच्या फजितीचा आहे. दहाच्या सुमारास वारा फिरला, होडी डोलूं लागली, आणि आम्हांस होडी लागली. पोटांत होतें नव्हतें तें समुद्रांत गेलें. आम्ही बांकावर आडवे झालों, आणि ज्यांस आम्ही दर रविवारीं खंबीर राहण्याचा उपदेश करितों ते सर्व आमच्याकडे पाहूं लागले. तेव्हांच नाळेवरील तरुणाच्या काठीस एका मोठ्या माशानें झटका देऊन दोरी तोडली होती. त्याचें रक्त तापलेलें. तो तांडेलास म्हणाला, "दादा, निवतीच्या खडकांकडे चला, दीपगृहाच्या बाजूस. पांचशें रुपये अधिक घ्या. पाद्रीसाहेब पडून राहतील." तांडेलानें एकदां पश्चिमेकडे पाहिलें, एकदां आमच्याकडे. म्हणाला, "होडी दुबळ्या माणसाच्या पोटावर चालते. वाराही आला." आणि नांगर ओढावयास लागला. तरुण परत येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीं. त्याची काठी, त्याची मेहनत, त्याचा एकुलता एक सुट्टीचा दिवस. त्याचा राग आम्हांस समजतो. आणि तो आमच्यामुळें बुडाला हेंही खरें.

परंतु बंधूंनो, त्या बांकावर पडल्या पडल्या आम्हांस कळलें कीं दाराजवळ बसणें म्हणजे काय. आमच्यापाशीं विद्या होती, पद होतें. त्या होडींत त्यांचा उपयोग नव्हता. तांडेलानें आपल्या नियमांत "ज्यास समुद्र सोसत नाहीं त्यानें येऊं नये" असें लिहिलें असतें तर तो नियमही शहाणपणाचा दिसला असता, आणि आम्ही किनाऱ्यावर राहिलों असतों.

आतां शास्त्रभागाकडे वळूं. गालीलांतील त्या सरोवराचें पाणी गोडें आहे. तें सुमारें एकवीस किलोमीटर लांब, तेरा किलोमीटर रुंद, आणि समुद्रसपाटीहून दोनशें मीटरांवर खोल बसलेलें आहे. १९८६ सालीं अवर्षणानें पाणी आटलें असतां तेथील चिखलांत दोन भावांस एक जुनी होडी सांपडली. विद्वानांनीं ती प्रभूच्या काळच्या सुमाराची ठरविली आहे. लांबी आठ मीटरांहून थोडी अधिक, रुंदी सव्वादोन मीटर; देवबागच्या होडीसारखीच म्हणा ना. ती दहाबारा जातींच्या लांकडाच्या तुकड्यांनीं सांधलेली आहे. ज्यास चांगली फळी विकत घेण्याचें सामर्थ्य नव्हतें त्यानें मिळेल तें ठोकून ती वर्षानुवर्षें चालविली. ही होडी शिमोनाचीच असें कोणी म्हणूं नये. परंतु शिमोनाची ह्याहून फारशी निराळी नसावी.

त्या दिवशीं प्रभूनें ह्या थकलेल्या मनुष्याजवळ पहिल्यानें काय मागितलें तें पाहा. खोल पाणी नव्हे. होडी किनाऱ्यापासून थोडी दूर घे, एवढेंच. शिमोन रात्रभर जागलेला, हातीं कांहीं नाहीं, जाळीं धूत बसलेला. एवढें करणें त्याच्या आवांक्यांत होतें. तो होडी लोटतो, प्रभु बसून बोलतो, आणि शिमोन वल्हें धरून ऐकत बसतो; किनाऱ्यावरील गर्दीपेक्षां तोच त्याच्या अधिक जवळ. ती घटका गेल्यावर मग खोल पाण्याची गोष्ट निघाली. तेव्हांही शिमोनानें आपली अडचण सांगितली, आणि प्रभूनें त्यास त्याबद्दल दटावलें नाहीं. आम्ही ह्या भागावर बोलतांना नेहमीं खोल पाण्यावर बोललों. विश्वास धरा, खोलांत चला, असें ओरडलों. मधली ती थोडक्या अंतरावरची घटका आम्हीं वगळली, आणि मग घरसभेसाठींही तेंच केलें : आधीं खोलांत पोहून दाखव, मग होडींत ये.

दुसरी गोष्ट. मासे इतके आले कीं एका होडीस झेपेनात, तेव्हां दुसऱ्या होडींतील सोबत्यांस खूण करून बोलवावें लागलें. आपल्या तीन पाड्यांवर आज सभा नाहीं. त्या होड्या किनाऱ्यावर उलट्या पडल्या आहेत, आणि त्या आम्हीं उलट्या केल्या.

पंचांपैकीं दोघां वडिलांस हें मान्य नाहीं, आणि त्यांचें म्हणणें आम्ही येथें प्रामाणिकपणें मांडतों. ते म्हणतात, वाचतां येणारा चुकला तर त्याची चूक शास्त्र उघडून दाखवितां येते; न वाचणाऱ्यास काय दाखवावें? एक मूल मरतां मरतां वांचलें हें विसरूं नका. हें म्हणणें पोकळ नाहीं. त्या मुलाचा तापलेला हात आम्हींही धरिला होता. परंतु तांडेलाच्या चार गोष्टी पुन्हा आठवा. त्यानें मोकळीक दिली नव्हती. गळ फेंकण्यापूर्वीं मागें पाहा, असें बजावून सांगितलें होतें, कारण आपला गळ दुसऱ्याच्या डोळ्यांत जाऊं शकतो. ज्यानें औषध बंद करावयास लावलें त्यानें मागें पाहिलें नाहीं. त्याच्या हातीं पुस्तक होतें, आणि तेंच फेंकतांना त्यानें दुसऱ्याच्या लेंकरास जखम केली. नियम करावयाचाच तर तो असा असावा : आजाऱ्यास दवाखान्यापासून दूर ठेवील असें कोणीही सभेंत बोलूं नये, वाचणाऱ्यानेंही नाहीं, आम्हींही नाहीं. शिंगाळा आला तर हांक मारावी, तसें कठीण प्रसंगीं उपदेशकास बोलवावें.

ह्यास्तव पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारीं आम्ही पंचांपुढें असें ठेवणार आहों, कीं जुना नियम काढावा. प्रत्येक घरसभेंत एकानें वाचावें व एकानें सांगावें, आणि दोघे एकमेकांचे सोबती असावे. आणि पहिले सहा महिने आम्ही किंवा उपदेशकांपैकीं कोणी तरी त्या सभेंत जाऊन बसावें, स्वतः गळ न टाकतां. उपदेशक बंधूंनो, हें शेवटचें तुम्हांस व आम्हांस सर्वांत जड जाईल. रिकाम्या हातांनीं बसून दुसऱ्याची गुंतलेली दोरी सोडविणें हें आपणांस कोणीं शिकविलें नाहीं. मंजूर होईल कीं नाहीं तें सांगवत नाहीं. पदवीधर तरुण अजून आमच्याशीं फारसें बोलत नाहीं. त्यानें वाचणाऱ्याची जागा घ्यावी असें आम्हांस वाटतें, परंतु अद्याप त्यास विचारण्याचा धीर झाला नाहीं.

परतीच्या गाडींत आम्हीं वृद्ध बंधूंस विचारिलें होतें, "त्या मुलीस इतकें चांगलें शिकवितां आलें, मग आम्हीं सभा बंद केली तेव्हां एक शब्दही कां बोललां नाहीं?" ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मी शिकविलें कोठें? ती शेजारीं बसली होती." सभेविषयीं कांहींच बोलले नाहींत.

गेल्या शनिवारीं सायंकाळीं आम्ही त्यांच्या पाड्यावर गेलों. ते अंगणांत बांबूच्या कामट्यांचा मासे धरण्याचा सांपळा विणीत होते. कारखान्यांचें पाणी येऊं लागल्यापासून नदींत पूर्वींसारखें कांहीं राहिलें नाहीं, तरी विणतों, असें म्हणाले. आम्हीं क्षमा मागितली. त्यांनीं कामटी खालीं ठेवून ऐकलें, आणि उत्तर दिलें नाहीं. पुन्हा सभा चालवाल काय असें विचारलें, त्याचेंही दिलें नाहीं. मग विचारूं लागले, रविवारीं कोणता भाग वाचणार? आम्हीं सांगितला. त्या तळ्यांत मासे कोणते होते? आम्हीं सांगितलें कीं पुष्कळ जातींचे, परंतु तेथें जो विशेष नांवाजलेला, ज्यास लोक पेत्राचा मासा म्हणतात, तो आपल्या चिलापीचाच भाऊबंद. चिलापी मूळचा आफ्रिकेचा, १९५२ सालीं आपल्या देशांत आणिला, आणि आतां जेथें तेथें पसरला.

"चिलापी!" ते हंसले. "तो तर आपल्या काळूंत आहे." कांहीं वेळ त्यांनीं दोन कामट्या विणल्या. मग म्हणाले, "ते जाळीं धूत बसले होते म्हणालां ना? तेथपासून पुन्हा वाचा."